मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र: दहा महिने वाचल्यावर

मागच्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लांबचं स्वच्छ दिसायला लागलं, पण आईच्या जुन्या बायबलातलं बारीक अक्षर चष्मा लावला तरी अर्ध्या पानानंतर एकमेकांत मिसळतं. म्हणून हे मोठ्या अक्षरांचं घेतलं. जुना आणि नवा करार एकाच पुस्तकात, आणि भाषांतर आमच्या चर्चमध्ये रविवारी वाचतात तेच जुनं. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत पुस्तकांच्या एका टेबलावर ते पहिल्यांदा हातात घेतलं होतं. तेव्हा वजन बघून परत ठेवलं, कारण श्रीरामपूरपर्यंत गर्दीत उभं राहून यायचं होतं. नंतर घरपोच मागवलं. ८९० रुपये पडले.

वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं: १ किलो ८५० ग्रॅम. मांडीवर घेऊन वाचायचं पुस्तक नाही हे. पाटावर किंवा टेबलावर ठेवून, समोर बसून वाचावं लागतं. अक्षर आईच्या प्रतीच्या जवळजवळ दीडपट आहे आणि जोडाक्षरं नीट सुटी दिसतात. माझ्या डोळ्यांना हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण ‘ख्रिस्ताच्या’ आणि ‘त्याच्या’ यात आधी मी गोंधळायची. येशूचे शब्द लाल शाईत आहेत. दिवसा उजेडात ते छान दिसतात, संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली मात्र लाल अक्षर फिकं पडतं. कागद पातळ आहे, मागच्या पानावरची छपाई पुढे उमटते. एक काळा कागद पानाखाली सरकवला की त्रास कमी होतो. शेवटी नकाशे आहेत, पण त्यांच्यावरची गावांची नावं मोठी करायची राहून गेली आहेत. नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा प्रवास बोट ठेवून बघायची हौस असेल तर भिंग लागेल. कव्हरची चेन पहिल्या महिन्यात अडकायची, मेणबत्ती घासल्यावर सरळ झाली.

एवढं वस्तूबद्दल. पण बायबलाचं परीक्षण कागद आणि चेनीवर थांबवलं तर ते अर्धंच होईल. मला ही प्रत का मोलाची वाटते, ते सांगायचं तर माझ्या नोकरीपासून सुरुवात करावी लागेल.

मी अठ्ठावीस वर्षं एका पतसंस्थेत होते. शेवटची बारा वर्षं वसुलीला. आमच्या कर्ज अर्जावर रकाने असायचे: कर्जदार, जामीनदार एक, जामीनदार दोन, तारण. तारणाच्या रकान्यात मी हजारो वेळा लिहिलं असेल: सोन्याच्या बांगड्या दोन, वजन अमुक, घर मिळकत क्रमांक तमुक. आणि रविवारी उपासनेला गेलं की तोच शब्द कानावर यायचा: तारण, तारणारा, तारणप्राप्ती. आठवड्यातले सहा दिवस एक अर्थ आणि सातव्या दिवशी दुसरा, उद्धाराचा, इतकी सवय झाली होती की दोन्ही एकाच शब्दात राहतात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर, मोठ्या अक्षरात, घाई न करता इफिसकरांस पत्र वाचताना दुसऱ्या अध्यायाच्या आठव्या ओवीला थांबले. तारण कृपेने झालं आहे, विश्वासाच्या द्वारे, आणि ते आपल्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे, असं तिथे आहे. आमच्याकडे तारण कर्जदाराने आणायचं असतं. नसेल तर कर्ज नाही. इथे ज्याला देणं द्यायचं आहे तोच तारण पुरवतो. मी ती ओळ त्या दिवशी तीन वेळा वाचली आणि मग स्वयंपाकाला उठले.

या भाषांतराचं मोठेपण मला इथेच वाटतं. त्यात व्यवहाराचे शब्द तसेच ठेवले आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातली प्रभूची प्रार्थना घ्या. आमच्या शेजारच्या कॅथलिक काकू ‘अपराध’ म्हणतात, आम्ही लहानपणापासून ‘ऋण’ म्हणत आलो: आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे सोड. मत्तयाच्या ग्रीकमध्येही शब्द देण्याचाच आहे. लूकमध्ये हीच प्रार्थना आहे, तिथे पहिल्या भागात पापं आहेत आणि दुसऱ्या भागात आपले ऋणी. अपराध म्हटलं की मनाला लागतं, ऋण म्हटलं की आकडा डोळ्यापुढे येतो. मला आकडा कळतो.

मत्तय १८ मधला दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, मी लहानपणापासून ऐकला होता, पण हिशोब कधी मांडला नव्हता. एका नोकरावर राजाचं देणं दहा हजार तालांत, आणि त्या नोकराचं सोबत्याकडे येणं शंभर दिनार. दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. हे मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या दाखल्यात कळतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. मी कागद घेऊन बसले. राजाचं देणं झालं सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. तो नोकर गुडघे टेकून म्हणतो, मला वागवून घ्या, सगळं फेडतो. वसुलीत असं बोलणारी माणसं मी रोज पाहिली आहेत. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच वाटतं की फिटेल. आणि राजा हप्ते बांधून देत नाही, व्याज सोडून मुद्दल मागत नाही. सोडून देतो. मग हाच माणूस बाहेर जाऊन शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरतो.

ते शंभर दिवस थोडे नाहीत, हेही मला सांगायचं आहे. उपदेशात त्या रकमेला क्षुल्लक म्हणतात तेव्हा मला पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी गेली तर घरातली चूल हलते. माणसाने माणसाचं केलेलं नुकसान खरं असतं, आणि येशूने दाखल्यात ते शून्य धरलेलं नाही.

माझं नुकसान २,६२,४०० रुपयांचं होतं. धाकट्या भावाने २००९ मध्ये टेंपोसाठी दुसऱ्या एका संस्थेतून कर्ज काढलं. मी जामीनदार म्हणून सही केली. हप्ते थकले, टेंपो विकला गेला, तो गाव सोडून चाकणला गेला. मला सहकार कायद्याच्या कलम १०१ ची, वसुलीची नोटीस आली, जशी मी इतरांना पाठवत होते तशीच, आणि पगारातून दरमहा ६,४०० रुपये कापले जायला लागले. एकेचाळीस महिने. प्रत्येक कपात मी एका वहीत तारखेसह लिहिली. त्याच काळात माझ्या मुलीचं इंजिनिअरिंगचं शिक्षण डिप्लोमापाशीच सुटलं, हे त्या वहीत लिहिलेलं नाही. आई गेली तेव्हा तो आला, कबरस्तानात फाटकाजवळ उभा राहिला आणि परत गेला. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही.

पाळकसाहेबांनी विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं होतं की मी त्याला क्षमा केली आहे. मला तसं वाटतही होतं. पण आमच्या धंद्यात निर्लेखन नावाची गोष्ट आहे. कर्ज फिटणार नाही असं दिसलं की संस्था त्याची पूर्ण तरतूद करते आणि ताळेबंदातून ते काढून टाकते. बाहेरच्या माणसाला वाटतं, सोडून दिलं. सोडलेलं नसतं. निर्लेखित कर्जाची यादी वेगळी ठेवतात आणि वसुली चालूच राहते. कर्जदाराला माफीचं पत्र जात नाही. माझी क्षमा तशी होती. वर्तनात काही दाखवत नव्हते, वही मात्र कपाटात साड्यांच्या खाली होती.

आता जामिनाबद्दल. हा भाग मला या दहा महिन्यांत सगळ्यात जास्त दिवस पुरला आहे.

जुन्या करारातलं नीतिसूत्रांचं पुस्तक जामीन राहू नको असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगतं. सहाव्या अध्यायात तर, राहिला असशील तर झोप घेऊ नको, हरिणी पारध्याच्या हातून सुटते तसा सुटून ये, असं आहे. बाविसाव्या अध्यायात विचारलं आहे की फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण कशाला न्यावं लागावं. (आपल्या कायद्यात अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत. ही ओवी वाचल्यावर मला त्या कलमाची किंमत नव्याने कळली.) हे सगळं मी आधीही वाचलेलं होतं आणि भावाच्या बाबतीत मनाशी म्हटलंही होतं की शास्त्राने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

मग इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात बाविसाव्या ओवीत येशूला जामीन म्हटलेलं दिसलं. अधिक चांगल्या कराराचा जामीन. साठ वर्षांत ही ओवी माझ्या कानावरून किती वेळा गेली असेल, पण बारीक अक्षरात मी ती वाचली नव्हती, नुसती ओलांडली होती. तो ग्रीक शब्द नव्या करारात एवढ्या एकाच जागी आला आहे. ज्या पुस्तकात शहाणा माणूस म्हणतो की कुणाच्या कर्जाला उभा राहू नको, त्याच पुस्तकात देवाचा पुत्र उभा राहतो. त्याला कर्जदार माहीत होता. मी सही केली तेव्हा भाऊ फेडेल असं मला वाटलं होतं. त्याने सही केली ती फिटणार नाही हे ठाऊक असून.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यातलं १२८ वं कलम जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे असं सांगतं, हे मी शेकडो रडणाऱ्या जामीनदारांना समजावलं आहे. पण १४० वं कलम फार थोड्यांना माहीत असतं. जामीनदाराने पूर्ण रक्कम भरली की सावकाराचे कर्जदारावरचे सगळे हक्क त्याच्याकडे येतात. म्हणजे भरल्यानंतर कर्ज संपत नाही, त्याचा मालक बदलतो. २,६२,४०० भरून झाल्यावर माझ्या भावावर कायद्याने हक्क होता तो माझा. आणि माझं देणं ज्याने वधस्तंभावर भरलं, त्याचा हक्क माझ्यावर. हे लक्षात आल्यावर रोमकरांस आठवा अध्याय उघडला तर पौल अगदी तेच विचारतो: दंडाज्ञा करणारा कोण? ज्याला तो हक्क आहे, तो मेला, उठला, देवाच्या उजवीकडे आहे, आणि तिथे काय करतो? आपल्यासाठी रदबदली करतो. वसुलीचा अधिकार ज्याच्या हाती आला तो आमच्या बाजूने बोलतो आहे. त्याच अध्यायात थोडं वर आम्हांला त्याच्याबरोबरचे वारीस म्हटलं आहे. कर्जदाराचं नाव जामीनदाराच्या सातबाऱ्यावर लावल्यासारखं. मी खुर्चीतून उठले आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले. बराच वेळ.

क्षमा फुकट असते असं कुणी म्हटलं की मला कर्जमाफी आठवते. २०१९ च्या महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ झालं. (आमच्या पतसंस्थेच्या कर्जांना ती लागू नव्हती, लोक विचारायला यायचे आणि खाली मान घालून जायचे.) शेतकऱ्याच्या दृष्टीने माफ झालं, पण बँकेला पैसे मिळाले. सरकारने भरले. रक्कम कुठेही हवेत विरत नाही, कुणीतरी ती सोसतंच. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे काढून जाळले, ते लोण आमच्या नगर जिल्ह्यातही आलं होतं. तिथे ऋणकोने रोखा जाळला. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की आपल्याविरुद्ध असलेला लेख देवानेच रद्द केला, खिळ्यांनी वधस्तंभाला ठोकून. त्या ठिकाणचा ग्रीक शब्द हाताने लिहून दिलेल्या देण्याच्या कागदाचा आहे. आमच्याकडची वचनचिठ्ठी. धनकोने स्वतःच्या हाताने वचनचिठ्ठी ठोकली, आणि तिच्याबरोबर स्वतःचा हातही ठोकला गेला.

‘ख्रिस्ताच्या ठायी’ या शब्दांबद्दल. पौलाच्या पत्रांत ते जागोजागी आहेत. या भाषांतरात कधी ‘ख्रिस्तामध्ये’ येतं, कधी ‘ठायी’. मला ‘ठायी’ जवळचं वाटतं, कारण अभंगांतून हा शब्द आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. डब्यामध्ये साखर असते तसं ते नाही. ठाय म्हणजे जागा, ठाव, ठिकाण. वसुलीच्या अहवालात आम्ही ‘कर्जदाराचा ठावठिकाणा’ लिहायचो, कारण नोटीस माणसाला नंतर लागते, आधी पत्त्याला लागते. २ करिंथकरांसच्या पाचव्या अध्यायात आहे की कोणी ख्रिस्ताच्या ठायी असेल तर तो नवी उत्पत्ती आहे. मला ते असं कळलं: माझा पत्ता बदलला. माझ्या नावाची नोटीस आता त्याच्या दारावर जाते आणि दार तो उघडतो. बाप्तिस्म्यात जुनी मी पुरली गेले आणि आता राहते ती त्याच्या घरी. पाप हातून घडतच नाही असा याचा अर्थ नाही. रोज घडतं, रोज कबूल करते. पण कबूल करताना मी दारात उभी नसते, घरात असते.

आणि इफिसकरांस चौथ्या अध्यायाच्या शेवटच्या ओवीत दोन्ही गोष्टी एकत्र येतात: देवाने ख्रिस्ताच्या ठायी तुम्हांला क्षमा केली तशी तुम्हीही एकमेकांना करा. आधी ‘केली’, मग ‘करा’. मी वर्षानुवर्षं हे उलटं वाचत होते, की मी केली तर मला मिळेल, आणि म्हणून दात-ओठ खाऊन करायला बघत होते.

एक सांगून ठेवते, कारण हे वाचणाऱ्यांत कुणी बाई असू शकेल जिला घरात मारहाण होते आणि लोक सांगतात की क्षमा कर आणि परत जा. ऋण सोडणं आणि पुन्हा जामीन राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भावाने उद्या नवीन कर्जासाठी सही मागितली तर मी करणार नाही आणि त्याला प्रेमाने नाही म्हणेन. क्षमेच्या नावाखाली कुणाला परत मार खायला पाठवणं हे या पुस्तकात कुठेही नाही.

माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल ती वाचायची. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर आला. साध्या बायकांना कळावं म्हणून एका विदुषीने आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. म्हणून सोप्या भाषांतरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि नव्याने वाचणाऱ्याला मी तेच देईन. पण ज्याने आयुष्यात कधी हप्ता भरला आहे, कधी सही करून पस्तावला आहे, त्याने हे जुनं भाषांतर घ्यावं. डोळे चांगले असले तरी मोठ्या अक्षरातलं घ्यावं, कारण मोठं अक्षर वेग कमी करतं. एका पानावर ओव्या कमी मावतात, म्हणून नजर पुढे पळत नाही.

गेल्या महिन्यात मी दुसरी प्रत मागवली, भावासाठी. मधुमेहामुळे त्याचीही नजर अधू झाली आहे असं चुलतभावाकडून कळलं होतं. पार्सल आधी माझ्याकडे घेतलं. फिलेमोनाच्या पत्रात पौल लिहितो की अनेसिम (फिलेमोनाचा दास) तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावे मांड, आणि पुढे, मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. वहीचं शेवटचं, एकेचाळिसाव्या कपातीचं पान मी काढलं. खाली लिहिलं: बेबाकी. येणे बाकी निरंक. तारीख घातली, अठ्ठावीस वर्षं करत होते तशी पूर्ण सही केली आणि ते पान त्या पत्रापाशी ठेवलं. मग चाकणला पाठवलं.

चार दिवसांनी फोन आला. नंबर अनोळखी होता. “आक्का, पार्सल मिळालं. लई जड आहे गं.” अक्षर दिसतं का विचारलं, तर म्हणाला दिसतं. त्याने आईचं बायबल कुठे आहे विचारलं, तर मी माझ्याकडे आहे म्हटलं. त्या पानाबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही नाही.

घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. नव्या प्रतीच्या पानांच्या कडा सोनेरी आहेत आणि पहिल्या वेळी ती पानं एकमेकांना चिकटलेली असतात. लहान पत्रं, विशेषतः फिलेमोन, तीत आणि इब्री यांच्या मधे असल्यामुळे सहज निसटतात. पुस्तक हातात आलं की बसून एकेक पान बोटाने सुटं करून घ्यावं. फोनवर मी त्यालाही तेवढंच सांगितलं.